वैद्यकी आणि व्यवहार : डॉ. भाऊ दाजी लाड

अंबरनाथचे वालधुनीकाठचे प्राचीन शिवालय बदलापूर-अंबरनाथ परिसरातील आबालवृद्धांच्या परिचयाचे आहे. त्याच्या उत्तरेकडील दाराच्या तुळईवर आतल्या बाजूस एक लहानसा शिलालेख कोरलेला आहे. शिलाहार राजा माम्वाणि याच्या काळातील, शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० मधील हा लेख आज कोकणच्या इतिहासाचा एक महत्त्वाचा आधार मानला जातो. परंतु हा लेख वाचून प्रथम विद्वानांपुढे ठेवणारे गृहस्थ कोणी सरकारी पुराणवस्तू-अधिकारी नव्हते, की संस्कृतचे प्राध्यापकही नव्हते. मुंबईत दवाखाना चालवून, रोग्यांच्या घरी फेऱ्या घालून चरितार्थ करणारे ते एक डॉक्टर होते. त्यांचे नाव डॉ. भाऊ दाजी लाड.

त्यांच्या त्या वाचनात एक चूक राहिली. लेखातील शक त्यांनी ७८२ असा लावला. त्यामुळे मंदिर दोनशे वर्षांनी अधिक जुने ठरले आणि जुन्या मार्गदर्शिकांतून इ. स. ८६० हे साल काही काळ छापले जात राहिले. ही चूक पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी दुरुस्त केली आणि हे भगवानलाल भाऊ दाजींच्याच पदरी बारा वर्षे राहून तयार झालेले होते. गुरूच्या वाचनातील दोष शिष्याने काढावा, यात विद्येच्या परंपरेला नवल वाटण्यासारखे काही नाही. नवल वाटावे ते याचे, की त्या शिष्याचा पगार, त्याच्या देशभरच्या प्रवासाचा खर्च, हस्तलिखितांच्या नकला, नाणी आणि ठसे या सर्वांचा भार एका डॉक्टरच्या मिळकतीवर होता.

भाऊ दाजींच्या विद्वत्तेविषयी आणि सार्वजनिक कार्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांनी आपली वैद्यकी व्यवसाय म्हणून कशी उभी केली, ती कोणत्या तत्त्वावर चालवली, तिच्यातून आलेला पैसा कोठे लावला आणि कोठे गमावला, याकडे मात्र लक्ष कमी जाते. वास्तविक त्यांच्या चरित्रातील सर्वांत बोलका भाग हाच आहे.

रामकृष्ण विठ्ठल लाड हे त्यांचे मूळ नाव. जन्म १८२२ मध्ये गोव्यातील मांद्रे येथे झाला. घरची स्थिती बेताची होती. वडील मुलांना घेऊन मुंबईस आले. लहानग्या भाऊची बुद्धिबळातील चमक एका इंग्रज गृहस्थाच्या नजरेस आली आणि या मुलास इंग्रजी शिक्षण द्यावे असे त्याने वडिलांस सुचविले, अशी हकीकत चरित्रकार सांगतात. एल्फिन्स्टन संस्थेतील शिक्षण संपवून भाऊ तेथेच शिक्षक झाले. कच्छ-काठेवाडच्या राजपूत घराण्यांत चालणाऱ्या बालिकाहत्येविरुद्ध सरकारने निबंध मागविले होते. त्यात भाऊंच्या निबंधास बक्षीस मिळाले आणि तो १८४७ मध्ये प्रसिद्धही झाला.

शिक्षकाची नोकरी हातात असताना त्यांनी पुन्हा विद्यार्थी होण्याचे ठरविले. १८४५ मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले होते. शेजारीच सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून उभारलेले रुग्णालय होते आणि डॉ. चार्ल्स मोरहेड यांच्यासारखे कसलेले प्राचार्य होते. शवविच्छेदनाच्या नावानेच विटाळ मानणाऱ्या समाजातील मुले तेथे जाऊ लागली, ही त्या काळातील मोठी क्रांती होती. १८५१ मध्ये पहिली आठ जणांची तुकडी पदवी घेऊन बाहेर पडली. पुढे प्रार्थना समाजाच्या संस्थापकांत गणले गेलेले डॉ. आत्माराम पांडुरंग त्या तुकडीत होते आणि भाऊ दाजीही होते.

या नव्या डॉक्टरांपुढे दोन वाटा होत्या. एक सरकारी नोकरीची. तेथे पगार निश्चित होता, मात्र हाताखालच्या दर्जाचे पद होते आणि वर नेहमी एक युरोपीय सर्जन असे. दुसरी वाट स्वतंत्र व्यवसायाची. ती खडतर होती, कारण पाश्चात्त्य वैद्यक शिकलेला देशी डॉक्टर ही वस्तूच लोकांस नवी होती. घरोघरी पिढीजात वैद्य किंवा हकीम ठरलेले असत. ज्यांस इंग्रजी औषधाची आवड, ते श्रीमंत लोक युरोपीय डॉक्टरास बोलावीत. या दोहोंच्या मधली जागा अजून तयार व्हायची होती. भाऊ दाजींनी १८५१ मध्ये स्वतंत्र व्यवसायाची वाट धरली आणि ती जागा तयार केली.

तो काळ आज डोळ्यांसमोर आणणे सोपे नाही. डॉक्टरांची नोंदणी करणारी कोणतीही परिषद नव्हती. मुंबई इलाख्याचा वैद्यक कायदा १९१२ साली आला. तोपर्यंत पदवीधर डॉक्टर, वैद्य आणि निव्वळ भोंदू यांच्यातील फरक रोग्यानेच ओळखायचा होता. फी किती घ्यावी हे ठरविणारे कोणी नव्हते. विलायती औषधे आगबोटीने येत आणि सुएझचा कालवा १८६९ पर्यंत खुला झालेला नसल्यामुळे त्यांचा प्रवास लांबचा व किंमत भारी पडे. म्हणजे डॉक्टरास औषधांचा साठा करण्यात स्वतःचे भांडवल गुंतवावे लागे आणि रोग्याकडून पैसे येतील तेव्हा येत. अशा व्यवसायात टिकायचे तर हाताला गुण असावा लागतो, आणि त्याहूनही अधिक म्हणजे शब्दाला किंमत असावी लागते. भाऊ दाजींपाशी दोन्ही होते. थोड्याच वर्षांत मुंबईच्या प्रमुख डॉक्टरांत त्यांची गणना होऊ लागली आणि सर्व जातिधर्मांची कुटुंबे त्यांस बोलावू लागली.

त्यांच्या व्यवसायाची एक बाजू अशी होती, तर दुसरी बाजू धर्मार्थ दवाखान्याची. त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही ग्रँट मेडिकल कॉलेजचेच विद्यार्थी. दोघा भावांनी मिळून गोरगरिबांसाठी मोफत औषधोपचाराची सोय चालविली. आपल्याकडे औषधदान हे आहारदान, अभयदान आणि ज्ञानदान यांच्या बरोबरीचे मानले जाते. त्यामुळे या कामाचे मोल वेगळे सांगण्याची गरज नाही. व्यवहाराच्या अंगाने मात्र एक गोष्ट नजरेआड होऊ नये. मोफत औषध हे घेणाऱ्यास मोफत असते, खतावणीत ते कधीच मोफत नसते. कोठल्या तरी पानावर त्याची रक्कम नावे पडतेच. भाऊ दाजींच्या खतावणीत ती श्रीमंत रोग्यांच्या फीमधून भरून निघत असे. ज्याला देणे शक्य आहे त्याच्याकडून पुरेपूर घ्यावे आणि ज्याला शक्य नाही त्यास परत पाठवू नये, ही त्यांच्या व्यवसायाची घडी होती. दोन भाऊ एकाच विद्येचे असल्यामुळे एकजण बाहेरच्या फेरीवर किंवा सभेत असला, तरी दुसरा दवाखाना सांभाळू शके. एकट्या डॉक्टरला सार्वजनिक कामासाठी जो वेळ मिळणे अशक्य, तो भाऊंना मिळाला यात नारायण दाजींचा वाटा मोठा आहे. थोरल्या भावाच्या प्रसिद्धीत धाकट्याचे हे श्रेय झाकले गेले.

हा वेळ त्यांनी कोठे खर्च केला, त्याची यादी दीर्घ आहे. १८५२ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनच्या चिटणीसपदाचे काम त्यांनी केले. मुलींच्या शिक्षणासाठी ते झटले. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा त्याच्या मूळ फेलोंमध्ये त्यांचे नाव होते. नामदार जगन्नाथ शंकरशेट यांच्यासारख्यांच्या सहवासात ते शहराच्या प्रत्येक नव्या उपक्रमात असत. डॉ. जॉर्ज बर्डवुड यांच्या जोडीने त्यांनी मुंबईच्या वस्तुसंग्रहालयासाठी निधी गोळा केला. त्या इमारतीची कोनशिला १८६२ मध्ये बसली.

त्याच १८६२ साली त्यांच्या व्यावसायिक निष्ठेची कसोटी पाहणारा प्रसंग आला. मुंबईच्या सुप्रीम कोर्टात महाराज लायबल केस या नावाने गाजलेला दावा उभा राहिला. वैष्णव संप्रदायातील एका महाराजांनी ‘सत्यप्रकाश’चे संपादक करसनदास मुळजी यांच्यावर अब्रुनुकसानीची फिर्याद केली होती. भाऊ दाजी करसनदासांच्या बाजूचे साक्षीदार होते. काही महाराजांवर त्यांनी डॉक्टर या नात्याने उपचार केलेले असल्यामुळे त्यांच्या आजाराविषयी त्यांस न्यायासनापुढे सांगावे लागले. एप्रिल १८६२ मध्ये निकाल करसनदासांच्या बाजूने लागला.

या साक्षीकडे दोन बाजूंनी पाहता येते. सुधारकांनी तिचे धैर्य म्हणून स्वागत केले आणि ते धैर्य होतेच. शहरातील धनाढ्य भाटिया आणि वाणी घराणी म्हणजे कोणत्याही मोठ्या डॉक्टरच्या व्यवसायाचा कणा. त्यांच्या रोषाला तोंड देणे म्हणजे आपल्या उत्पन्नावर पाणी सोडण्याची तयारी ठेवणे होय. दुसरीकडे रोग्याचे गुपित हे डॉक्टरपाशी ठेवलेली ठेव असते. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांतही रोग्याची गुप्तता राखणे बंधनकारक असून, न्यायालयाच्या आदेशाने ती उघड करण्यास मुभा दिलेली आहे. भाऊ दाजींच्या काळी असा लिखित नियम येथे नव्हता. त्यांनी आपल्या विवेकावर निर्णय घेतला आणि साक्षीनंतरही त्यांचा व्यवसाय मोडला नाही. ज्या डॉक्टरने भर न्यायालयात रोग्यांच्या आजाराविषयी सांगितले, त्याच्याकडे शहर पुढेही रोग घेऊन जात राहिले, हे विचार करण्यासारखे आहे. तो गुपिते फोडणारा आहे असे लोकांस वाटले नाही. तो न्यायासनापुढे खोटे बोलणार नाही, एवढेच बहुधा त्यांनी ध्यानी घेतले.

व्यवसायातून येणाऱ्या पैशाचा मोठा ओघ विद्येकडे वळला होता. जुनागढचा तरुण भगवानलाल गिरनारच्या शिलालेखांच्या नकला स्वतःच्या हौसेने करीत होता. अलेक्झांडर किन्लॉक फोर्ब्ज यांनी त्याची शिफारस भाऊ दाजींकडे केली. १८६२ मध्ये तो मुंबईस आला आणि भाऊ दाजींच्या निधनापर्यंत त्यांच्यासाठी काम करीत राहिला. डॉक्टरांना आपला दवाखाना सोडून महिनोन्‌महिने लेण्यांतून हिंडणे शक्य नव्हते. म्हणून त्यांनी विद्वान माणसे पगारावर नेमली, त्यांना प्रवासास पाठविले आणि त्यांनी आणलेल्या ठशांवर, पोथ्यांवर रात्री बसून विचार केला. अजिंठ्याचे लेख, गिरनारच्या खडकावरील रुद्रदामन्‌चा लेख, आर्यभटाचा काळ, कालिदास असे त्यांचे विषय होते. ‘एशियाटिक सोसायटी’च्या मुंबई शाखेच्या नियतकालिकातून हे निबंध प्रसिद्ध होत गेले.

या निबंधांपैकी काही जैन वाचकास विशेष जवळचे वाटतील. सोसायटीच्या नियतकालिकाच्या नवव्या खंडात त्यांनी आचार्य हेमचंद्रांविषयी टिपण लिहिले. शकांच्या भारतातील आगमनाचा शोध घेताना कालकाचार्यांची कथा मांडली. मेरुतुंगाचार्यांच्या स्थविरावलीचा सारांशही दिला. भगवान महावीरांचे निर्वाण आणि विक्रम संवत यांच्यामध्ये ४७० वर्षांचे अंतर मानणारी जी परंपरा आहे, तिच्या कालगणनेचा हा एक प्रमुख आधार. भांडारातील पोथ्या बंद कपाटांत असताना, जैन ग्रंथ म्हणजे भारताच्या इतिहासाचे साधन होय हे आधुनिक विद्वानांच्या सभेत मांडणाऱ्या पहिल्या भारतीयांत भाऊ दाजींची गणना करावी लागेल. अंबरनाथच्या लेखावरील त्यांचे वाचनही याच खंडात आहे. कल्याणहून खोपोलीकडे जाणारी आगगाडी १८५६ मध्येच सुरू झाली होती आणि अंबरनाथ, बदलापूर ही गावे मुंबईच्या अभ्यासकांच्या टप्प्यात आली होती.

यापुढचा अध्याय मात्र सांगताना लेखणी जड होते.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तेथील कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि आपल्याकडील कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. तो पैसा जिरविण्यासाठी बँका, वित्तसंस्था आणि समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या पावसाळी छत्र्यांसारख्या उगवल्या. बॅकबे कंपनीच्या पाच हजार रुपये भरलेल्या शेअरला त्याच्या कित्येक पट भाव आला. या साऱ्या खेळाचे केंद्र होते प्रेमचंद रायचंद. १८३१ मध्ये सुरतेच्या जैन कुटुंबात जन्मलेल्या या विलक्षण पुरुषाच्या एका शब्दावर बाजार चढत किंवा उतरत असे. मुंबई विद्यापीठास त्यांनी ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले. मातोश्रींच्या नावाचा तो राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पूर्ण झाला. सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याचा नेम असलेल्या दृष्टिहीन मातेस घड्याळाच्या ठोक्यांनी वेळ कळावी, ही त्यामागची भावना होती असे जैन घराघरांत आजही सांगितले जाते.

या वेडातून शहरातील क्वचितच कोणी सुटले. वकील, प्राध्यापक, सरकारी अधिकारी, इंग्रज व्यापारी सर्वच त्यात होते. भाऊ दाजीही होते. दिवसभर रोग्यांची नाडी पाहून मिळविलेला पैसा त्यांनी शेअरांत घातला. १८६५ मध्ये अमेरिकेतील युद्ध संपल्याची वार्ता आली, कापूस कोसळला आणि १ जुलै १८६५ हा वायद्यांच्या हिशेबाचा दिवस मुंबईच्या इतिहासात काळा दिवस म्हणून नोंदला गेला. प्रेमचंदांसारखे कुबेर बुडाले. बॉम्बे बँकेचेही पुढे दिवाळे वाजले. भाऊ दाजींची जन्माची कमाई त्यात गेली आणि वर कर्ज झाले.

त्यांच्या चाहत्यांनी या प्रसंगावर पांघरूण घालण्याचा यत्न केला आहे, परंतु तो येथे करण्याचे कारण नाही. दोष त्यांचाच होता. दवाखान्याचे उत्पन्न रोजच्या श्रमाचे असते. आजारी पडलेल्या माणसाने विश्वासाने हातावर ठेवलेला तो रुपया असतो. त्याची चाल संथ असते आणि तो संथच ठेवावा लागतो. धर्मार्थ दवाखाना, पंडितांचे पगार, ग्रंथखरेदी ही सर्व देणी महिन्याच्या महिन्याला द्यावयाची. अशा देण्यांमागे वायद्याचे भांडवल उभे करणे म्हणजे विहिरीवर रहाट बसवून पाणी मृगजळातून आणण्यासारखे झाले. रोगाचे निदान करताना लक्षणांपुढे जाऊन कारण शोधणारा हा चिकित्सक, भावाच्या चढत्या पाऱ्याला आरोग्य समजला. प्रपंचातील व्यवहार आणि सट्टा यांच्यातील सीमारेषा किती पातळ असते, हे व्यापारी कुळांत वाढलेल्या वाचकास वेगळे सांगावयास नको.

परंतु बुडालेल्या दोघांची तुलना मनोरंजक आहे. प्रेमचंदांना पुन्हा उभे राहण्यासाठी बाजारच लागला आणि ते उभे राहिलेही. भाऊ दाजींची पत बाजारात नव्हतीच, ती रोग्यांच्या घरांत होती. कागदी शेअर गेले तरी शास्त्र हातात होते आणि दार वाजविणारे रोगी कमी झाले नाहीत. ते पुन्हा फेरीवर निघाले. धनको आले तसे रोगीही आले. पंडित भगवानलालांना त्यांनी या विपत्तीतही दूर केले नाही. उलट हेमचंद्र, कालकाचार्य, अंबरनाथ हे वर उल्लेखिलेले नवव्या खंडातील लेखन या पडझडीनंतरच्याच वर्षांतले आहे. १८६९ मध्ये आणि पुन्हा १८७१ मध्ये ते मुंबईचे शेरीफ, म्हणजे नगरपाल, नेमले गेले. आर्थिकदृष्ट्या बुडालेल्या माणसास शहराने दोनदा आपला प्रथम नागरिक म्हणून पुढे करावे, ही साधी गोष्ट नव्हे.

आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी कुष्ठरोगावरील उपचार हाती घेतला. कुष्ठरोग म्हणजे त्या काळी जिवंतपणी मरण. रोगाचे जंतू हान्सेन यांनी नॉर्वेमध्ये १८७३ साली पाहिले, म्हणजे भाऊ दाजींच्या बहुतेक प्रयोगकाळात रोगाचे कारणसुद्धा अज्ञात होते. भाऊ दाजींनी संस्कृत वैद्यकग्रंथ चाळले, देशी वनस्पती तपासल्या आणि एका औषधाने रोग्यांस गुण येतो असे त्यांच्या अनुभवास आले. दूरदूरचे रोगी त्यांच्याकडे येऊ लागले. नारायण दाजी याही कामात बरोबर होते.

मात्र ते औषध कोणते, हे त्यांनी जाहीर केले नाही.

येथे त्यांच्यावर कठोर टीका झाली आणि तिच्यात तथ्य होते. पाश्चात्त्य वैद्यकाच्या ज्या परंपरेत ते शिकले, तिच्यात गुप्त औषध वापरणे निषिद्ध मानले जाई. टॉमस पर्सिव्हल यांनी १८०३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वैद्यकीय नीतिग्रंथातही त्याचा स्पष्ट निषेध आहे. औषध खरोखर गुणकारी असेल तर ते लपविणे हा माणुसकीला बाध आणि गुणकारी नसेल तर ती फसवणूक, असा हा पेच आहे. दुसरीकडे आपल्या देशी वैद्यकपरंपरेत नुस्खा घराण्यात राखण्याची रीत होती आणि तो अधिकारी शिष्यासच देत. भाऊ दाजी या दोन्ही परंपरांचे वारस होते. पूर्ण खात्री पटेपर्यंत औषध बाजारात जाऊन भलत्या हातांत पडू नये, असा त्यांचा विचार असू शकेल. कर्जात असलेल्या डॉक्टरला अशा औषधाचा आर्थिक मोहही पडू शकतो, ही शंका टीकाकारांस आली असेल तर तेही समजण्याजोगे आहे. जो माणूस प्राचीन लेखाचे प्रत्येक अक्षर छापून विद्वानांच्या टीकेसाठी खुले ठेवीत असे, त्यानेच औषधाचे नाव मुठीत ठेवले, ही विसंगती त्यांच्या चरित्रात राहिली आणि तिचे समाधानकारक उत्तर मिळत नाही.

उत्तर अर्धे दिले ते वनस्पतीने. त्यांच्या मृत्यूनंतर त्यांचे औषध म्हणून जे ओळखले गेले, ते कडू कवठाच्या बियांचे तेल होते. पश्चिम घाट आणि कोकणच्या रानांत, ओढ्याकाठी वाढणारे हे झाड आपल्या भागास परके नाही. त्याच कुळातील चालमुगऱ्याचे तेल कलकत्त्यास डॉ. मोआट यांनी १८५४ मध्ये पाश्चात्त्य वैद्यकाच्या नजरेस आणले होते. पुढे विसाव्या शतकात या तेलांपासून टोचण्याची औषधे तयार झाली आणि १९४० च्या दशकात डॅप्सोन येईपर्यंत कुष्ठरोग्यांना जगभर त्यांचाच आधार होता. रोग मुळापासून घालविण्याची शक्ती त्या तेलात नव्हती, हे आज ज्ञात आहे. परंतु त्या काळी उपलब्ध असलेल्या उपायांत भाऊ दाजींचा अंदाज योग्य दिशेचा होता. त्यांनी तो वेळीच उघड केला असता, तर इतर डॉक्टरांच्या हातून त्याची परीक्षा त्यांच्या हयातीतच झाली असती आणि अंबरनाथच्या शकाप्रमाणे त्यातील चूक-बरोबर निवडले गेले असते.

२ मे १८७२ रोजी, पायाभरणीनंतर दहा वर्षांनी, मुंबईचे वस्तुसंग्रहालय लोकांसाठी खुले झाले. भाऊ दाजींना ते पाहता आले. त्यानंतर त्यांची प्रकृती ढासळत गेली. ३१ मे १८७४ रोजी, वयाच्या अवघ्या बावन्नाव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. त्या वेळी पंडित भगवानलाल त्यांच्याच कामासाठी नेपाळात होते. गुरूच्या मृत्यूची वार्ता त्यांस तेथे कळली.

संपत्ती म्हणावी असे भाऊ दाजींनी मागे फारसे ठेवले नव्हते. त्यांची हस्तलिखिते मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत त्यांच्या नावाच्या संग्रहात जतन झाली. त्यांच्या स्नेह्यांनी व चाहत्यांनी उभारलेल्या निधीतून मुलींच्या शाळेस त्यांच्या नावाने आधार मिळाला. त्यांचे विखुरलेले निबंध १८८८ मध्ये एकत्र ग्रंथरूपाने निघाले. भायखळा स्थानकाबाहेर, राणीच्या बागेच्या आवारात, त्यांनी ज्यासाठी वर्गणी गोळा केली ते वस्तुसंग्रहालय १ नोव्हेंबर १९७५ पासून डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय म्हणून ओळखले जाते. माटुंग्यात त्यांच्या नावाचा रस्ता आहे. पहिल्या पिढीच्या या डॉक्टरच्या खतावण्या मात्र कोणी जपलेल्या दिसत नाहीत. मोफत औषध घेऊन गेलेल्यांची नावे कोणत्याच दगडावर नाहीत.

भगवानलाल गुरूमागे आणखी चौदा वर्षे जगले. त्यांनी स्वतःच्या बळावर विद्वत्‌जगतात नाव मिळविले आणि हॉलंडमधील लायडन विद्यापीठाने त्यांस सन्माननीय पदवी दिली. अंबरनाथच्या लेखाचे वाचन त्यांनी गुरूच्या मृत्यूनंतर सुधारून त्याच नियतकालिकात प्रसिद्ध केले. १८८८ मध्ये ते वारले, तेव्हा आपली हस्तलिखिते सोसायटीस देताना ती डॉ. भाऊ दाजींच्या संग्रहाशेजारी ठेवावीत, अशी इच्छा त्यांनी नोंदवून ठेवली होती.